पॅट समिट आणि कॉलेज बास्केटबॉल कोचची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची गोष्ट निघाली की नावं बहुतेक पुरुष कोचचीच घेतली जातात. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाला ३८ हंगाम शिकवणाऱ्या पॅट समिट यांची कारकीर्द मला त्या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. बाकीच्यांना खेळाची व्यवस्था तयार मिळाली होती, समिट यांना ती उभी करत करत जिंकायचं होतं. मुली खेळतात हे ऐकून लोक कौतुकाने मान डोलवायचे त्या दिवसांत त्यांनी आपल्या मुलींकडून पुरुषांच्या संघाइतकीच, किंबहुना जास्तच, अपेक्षा ठेवली. खालचे प्रश्न नवख्या वाचकांना साधारणपणे पडतात ते आहेत.

पॅट समिट कोण होत्या, थोडक्यात?

जन्म १४ जून १९५२, टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिलचा. १९७४ पासून २०१२ पर्यंत नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात महिला संघाच्या मुख्य कोच. या संघाला ‘लेडी व्हॉल्स’ म्हणतात. १,०९८ विजय, २०८ पराभव आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं: १९८७, १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८. अडतीस वर्षांत एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. खेळाडू म्हणून ऑलिंपिकचं रौप्य, कोच म्हणून सुवर्ण. निधन २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी.

अमेरिकेत कॉलेजच्या कोचला एवढं महत्त्व का असतं?

आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरती जमवलेली मुलं. तिथे व्यावसायिक खेळाकडे जाणारी मुख्य वाट कॉलेजातूनच जाते. खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते, सामने टीव्हीवर दिसतात, आणि मार्चमध्ये एनसीएए या संघटनेची बाद फेरीची राष्ट्रीय स्पर्धा होते तेव्हा गावंच्या गावं आपल्या विद्यापीठाच्या रंगात रंगतात. खेळाडू साधारण चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जातात, म्हणजे संघाचा कायमचा चेहरा कोचच. शाळांमधून खेळाडू हेरायचे, त्यांच्या आईवडिलांना भेटायचं, चार वर्षं घडवायचं, पास करवायचं आणि पुन्हा नवी मुलं शोधायची, हे सगळं त्याच्याच अंगावर असतं. शेवटच्या चार संघांत जाऊन पोचणं हा तिथे मोठाच मान आहे. समिट यांचे संघ एनसीएएच्या स्पर्धेत १८ वेळा तिथवर पोचले.

बाविसाव्या वर्षी मुख्य कोच? हे झालं कसं?

त्या टेनेसीत आल्या होत्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि सहायक म्हणून. आधीच्या कोच रजेवर गेल्या आणि जबाबदारी या मुलीकडे आली. तेव्हा त्या पॅट हेड होत्या, समिट हे आडनाव १९८० मधल्या लग्नानंतरचं. संघातल्या काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. पगार महिना २५० डॉलर. त्याच वेळी स्वतःचं पदव्युत्तर शिक्षण चालू, शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे, आणि दुखापतीतून सावरत असलेल्या गुडघ्यावर ऑलिंपिकची तयारीही करायची.

संघाची व्हॅन त्या स्वतः चालवत. गणवेश स्वतः धूत. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. बाहेरगावी सामना असला तर कधी प्रतिस्पर्ध्यांच्याच जिममध्ये चटयांवर झोपायचं. डिसेंबर १९७४ मधला त्यांचा पहिला सामना मर्सर विद्यापीठाशी झाला आणि तो त्या ८४–८३ असा एका गुणाने हरल्या. पहिला विजय जानेवारी १९७५ मध्ये आला.

हा कणखरपणा आला कुठून?

शेतातून. वडील रिचर्ड हेड दुग्धव्यवसाय आणि तंबाखूची शेती करणारे, शिस्तीला अतिशय कडक. तीन मोठे भाऊ, त्यामागून पॅट आणि धाकटी बहीण. गवताच्या गासड्या उचलणं, तंबाखू तोडणं, गाईंचं दूध काढणं यात मुलगी म्हणून कुणी सूट दिली नाही. रात्री गोठ्याच्या माळ्यावर, जिथे गवत साठवत तिथे, वडिलांनी बास्केट टांगून दिली होती आणि भावंडं दोन-दोनच्या जोड्या करून खेळत. भावांनी लहान म्हणून कधी हळू खेळून दाखवलं नाही.

या वडिलांची दोन कामं सगळ्यांना ठाऊक असावीत अशी आहेत. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून त्यांनी घर हलवलं आणि शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हेन्रिएटाला बिऱ्हाड केलं, तिथल्या शाळेत मुली खेळत होत्या म्हणून. आणि १९७४ मध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पॅटचा गुडघा गेला तेव्हा, पुन्हा खेळणं विसरा असा सूर लावणाऱ्या डॉक्टरला त्यांनी गुडघा नीट करायला सांगितलं, कारण मुलीला ऑलिंपिकला जायचं होतं. तोंडाने कौतुकाचा शब्द न काढणारा बाप होता तो. पण मुलीच्या खेळावर त्याच्याइतका विश्वास तेव्हा फार थोड्या बापांनी ठेवला असेल.

ती ऑलिंपिकला गेली का?

हो. १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल प्रथमच खेळलं गेलं. २४ वर्षांची पॅट अमेरिकेच्या संघाची सहकर्णधार होती. सोव्हिएत संघाने सुवर्ण नेलं, अमेरिकेला रौप्य मिळालं. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला त्याच अमेरिकी संघाच्या मुख्य कोच म्हणून त्यांनी सुवर्ण जिंकलं.

तेव्हा अमेरिकेतही मुलींच्या खेळाला पैसे नव्हते?

जवळजवळ नव्हतेच. पॅटच्या भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या, तिची मार्टिन गावच्या कॉलेजची फी मात्र आईवडिलांनी भरली. जून १९७२ मध्ये एक कायदा झाला, ‘टायटल नाइन’ नावाने ओळखला जाणारा. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. त्या वाक्यात खेळाचं नावही नाही. पण विद्यापीठांना हळूहळू मुलींच्या संघांना पैसा, शिष्यवृत्त्या, कोच द्यावे लागले. हळूहळू हा शब्द इथे महत्त्वाचा. कायदा १९७२ चा आणि डोनटच्या पैशांतले गणवेश १९७४ चे.

एनसीएए तर तेव्हा महिलांच्या स्पर्धाच घेत नव्हती. ते काम एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना करायची. एनसीएएची पहिली महिला स्पर्धा १९८२ मध्ये झाली. त्यामुळे समिट यांच्या पहिल्या सात हंगामांचं यश बऱ्याच याद्यांत दिसत नाही. त्या काळातही त्यांचा संघ चार वेळा शेवटच्या चारांत होता.

मुलींच्या बास्केटबॉलमध्ये सहा खेळाडू असायच्या, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ही गोष्ट मला नेहमी चीड आणते. टेनेसीच्या शाळांत मुलींच्या संघात सहा जणी असत. तीन मैदानाच्या (कोर्टच्या) एका अर्ध्यात, फक्त आक्रमण करणाऱ्या, तीन दुसऱ्या अर्ध्यात, फक्त बचाव करणाऱ्या. मधली रेषा ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण कोर्ट धावणं झेपणार नाही, अशी त्यामागची समजूत. ज्या राज्यातल्या मुली शेतात गासड्या उचलत होत्या तिथली ही समजूत!

याचा फटका थेट बसायचा. बचावात वाढलेल्या मुलीने शाळेत कधी बास्केटवर चेंडू टाकलेलाच नसायचा, मग पाच जणींच्या कॉलेज संघात तिला घेणार कोण? समिट यांनी हा नियम बदलण्यासाठी उघड आग्रह धरला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेनेसीच्या शाळांनी पाच जणींचा, पूर्ण कोर्टचा खेळ स्वीकारला. विजेतेपदांच्या यादीत याची नोंद नसते. मला मात्र हे एखाद्या विजेतेपदाहून कमी वाटत नाही.

पहिलं विजेतेपद मिळायला तेरा वर्षं का लागली?

१९८० आणि १९८१ ला उपविजेते, १९८४ ला पुन्हा उपविजेते. इथवर येतात आणि अडतात, असं लोक बोलू लागले होते. समिट स्वतः याचं उत्तर खेळाडूंच्या निवडीत शोधत होत्या. मेहनत आणि बचाव यांच्या जोरावर शेवटच्या चारांत पोचता येतं, पुढे जाण्यासाठी तितक्याच वेगवान आणि उंच मुली लागतात. तशा मुली शोधण्यावर त्यांनी जोर दिला आणि १९८७ मध्ये ऑस्टिनला लुइझियाना टेक विद्यापीठाला ६७–४४ असं हरवून पहिलं विजेतेपद आलं. समोरच्याला ४४ वर रोखलं, यातच त्यांचा खेळ कळतो. आधी बचाव, आधी रिबाउंड (बास्केटमध्ये न जाता उसळून परत आलेला चेंडू पकडणं), बाकीचं नंतर.

त्यांचा सराव कसा असायचा?

विद्यापीठातल्या मुलांना बोलावून मुलींना त्यांच्याविरुद्ध खेळवलं जाई. मुलं उंच, ताकदवान, वेगवान. रोज त्यांच्याकडून धक्के खाल्ले की सामन्यातली प्रतिस्पर्धी मुलगी सोपी वाटते. आज ही पद्धत अमेरिकेतल्या महिला संघांमध्ये सर्रास दिसते.

बोलण्याचीही पद्धत ठरलेली होती. कोचने चूक दाखवली की खेळाडूने सबब न सांगता ‘रिबाउंड’ म्हणायचं, म्हणजे ऐकलं, पकडलं, पुढे चला. कौतुक झालं की ‘टू पॉइंट्स’, म्हणजे बास्केट झाल्यावर मिळतात तसे दोन गुण. वरवर पोरखेळ वाटेल, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर चूक ऐकून घेता येणं ही साधी गोष्ट नाही. या दोन शब्दांनी वाद संपायचा आणि सराव पुढे जायचा. त्यांचे बारा नियमही होते. त्यातला एक, शिस्त स्वतःची स्वतः लावा म्हणजे दुसऱ्याला लावावी लागणार नाही. आणखी एक, यश आणि अपयश एकाच तऱ्हेने हाताळा.

एवढं असून खेळाडू त्यांना ‘कोच’ म्हणत नसत, ‘पॅट’ म्हणत.

त्या फार कठोर नव्हत्या का?

होत्या. त्यांची नजर प्रसिद्ध होती. बर्फासारखे निळे डोळे रोखून नुसतं पाहिलं की खेळाडू जागच्या जागी थिजायची. आवाजही चढायचा. सगळ्यांना ते मानवलं नाही आणि काही मुली दुसऱ्या विद्यापीठात गेल्या. कडकपणाचं सरसकट समर्थन मी करणार नाही, कारण नुसतं ओरडणारे कोच आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

फरक असा की समिट मुलीला पूर्ण ओळखून मग तिच्याकडे मागणी करत. टमिका कॅचिंग्ज हे चांगलं उदाहरण. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं आणि लहानपणी चिडवणुकीला कंटाळून तिने श्रवणयंत्र टाकून दिलं होतं. टेनेसीत आल्यावर समिट यांनी तिच्याशी बोलून ते पुन्हा लावायला उद्युक्त केलं, तिच्यासारख्या इतरांना त्यातून धीर येईल म्हणून. कॅचिंग्ज पुढे चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आणि या विषयावर मोकळेपणाने बोलत राहिली.

अभ्यासाचं काय?

तास बुडवायचा नाही, आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. बुडवला तर सामन्यात बाहेर बसायचं, मग तुम्ही कितीही मोठ्या खेळाडू असा. टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण केलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी घेतली. मला त्यांचा सगळ्यात मोठा विक्रम विचारलात तर मी १,०९८ सांगणार नाही, हाच सांगेन. महिलांची व्यावसायिक लीग डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या मुलींना खेळातून पोट भरण्याची आशा फारशी नव्हतीच, पदवीच त्यांच्या कामाला येणार होती.

बाळंतपणाची ती गोष्ट खरी आहे?

खरी आहे. सप्टेंबर १९९० मध्ये, दिवस भरत आलेले असताना, त्या मिशेल मार्सिनियाक या शाळकरी खेळाडूला भेटायला विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या. तिथे कळा सुरू झाल्या. तरी भेट उरकली आणि मगच त्या परत निघाल्या. वाटेत व्हर्जिनियात उतरावं असं सुचवलं गेलं, त्यांनी ठाम नकार दिला. मूल टेनेसीतच जन्मलं पाहिजे, आणि त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाने त्यांच्या संघाला हरवून स्पर्धेबाहेर काढलं होतं. मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच जन्मला.

मार्सिनियाक आधी दुसऱ्याच विद्यापीठात गेली, मग टेनेसीत आली, आणि १९९६ च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

सर्वांत चांगला संघ कोणता?

लोक १९९७–९८ चा सांगतात: ३९ सामने, ३९ विजय. शमीक होल्ड्सक्लॉ, टमिका कॅचिंग्ज आणि सेमीका रँडल या तिघी धावायला लागल्या की समोरच्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. माझा जीव मात्र आदल्या वर्षीच्या संघावर आहे. तो दहा सामने हरला. दहा पराभव घेऊन विजेतेपदाची भाषा कुणी करत नाही. पण मार्चपर्यंत तो संघ वेगळाच झाला आणि २९–१० अशा हिशोबाने राष्ट्रीय विजेता ठरला. हातात उत्तम खेळाडू असताना जिंकवणं अवघडच असतं, पण हिवाळ्यात कोलमडलेल्या संघाला वसंतापर्यंत उभं करण्यात कोचचं काम जास्त स्वच्छ दिसतं.

कनेटिकटशी वैर कशावरून होतं?

खेळावरूनच. १९९५ मध्ये कोच जीनो ऑरिएमा यांच्या कनेटिकट विद्यापीठाच्या संघाने टेनेसीला जानेवारीत हरवलं, एप्रिलमधल्या अंतिम सामन्यात ७०–६४ असं पुन्हा हरवलं आणि एकही सामना न हरता हंगाम संपवला. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात जादा वेळेत टेनेसीने परतफेड केली. महिला बास्केटबॉल टीव्हीवर मोठ्या प्रमाणावर पाहिलं जाऊ लागलं ते बरंचसं या दोन संघांमुळे. खेळाडू मिळवण्याच्या मुद्द्यावर संबंध बिघडले आणि २००७ नंतर समिट यांनी ही वार्षिक लढत बंद केली. पुढे समिट यांच्या आजारासाठी संस्था निघाली तेव्हा ऑरिएमा यांनी १०,००० डॉलर दिले.

पुरुषांच्या संघाने त्यांना कधी बोलावलं नाही?

टेनेसीच्या पुरुष संघासाठी त्यांच्याकडे विचारणा झाली होती, त्यांनी नाही म्हटलं. पुरुषांना शिकवणं ही बढती का मानायची, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आजही कुणी नीट दिलेलं नाही.

पगार पुढे किती झाला?

२००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. महिला बास्केटबॉलच्या कोचला एवढा पगार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आजारपणात त्यांनी शिकवणं कसं चालू ठेवलं?

२०११ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, कमी वयात होणाऱ्या अल्झायमरचं निदान झालं. ऑगस्टमध्ये त्यांनी ते स्वतः जाहीर केलं. लपवता आलं असतं. त्यांनी खेळाडूंना सांगितलं, मग जगाला सांगितलं आणि आणखी एक हंगाम घेतला. सहायक कोच हॉली वॉरलिक यांनी, ज्या पूर्वी त्यांच्याच खेळाडू होत्या, बरीचशी सूत्रं हाती घेतली. समिट बाकावर बसत, सुचवत, विश्रांतीत मुलींशी बोलत. तो संघ २७ सामने जिंकला आणि मार्च २०१२ मध्ये शेवटच्या आठांत बेलर विद्यापीठाकडून हरला. त्या वर्षी बेलर एकही सामना हरलं नाही. एप्रिलमध्ये समिट यांनी पद सोडलं, मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

निर्णय घेणं, नावं लक्षात ठेवणं, क्षणात डाव बदलणं यावर ज्यांचं आयुष्य उभं होतं त्यांची स्मृतीच जावी, हे वाचताना आजही पोटात तुटतं. पण आपल्याकडे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरात झाकून ठेवतात, ते आठवलं की समिट यांचा उघडपणा मला त्यांच्या कुठल्याही अंतिम सामन्याइतकाच धाडसाचा वाटतो.

त्यांचा विक्रम अजून टिकून आहे का?

नाही. १,००० विजयांचा टप्पा कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागात सर्वप्रथम त्यांनी गाठला, फेब्रुवारी २००९ मध्ये. १,०९८ चा आकडा डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हीर यांनी ओलांडला आणि २०२४ मध्ये ऑरिएमा त्याही पुढे गेले. टेनेसीने २००८ नंतर राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या कॉलेजात अशी कारकीर्द होऊ शकते का?

आज जशी व्यवस्था आहे तशी ठेवून, नाही. आपल्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असतं आणि त्या एका माणसाने खो-खोपासून बुद्धिबळापर्यंत सगळं पाहायचं असतं. विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीच्या शिबिरापुरता एकत्र येतो, आणि शिबिरातला कोच स्पर्धेनंतर आपल्या वाटेने जातो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेले चांगले कोच आपल्याकडे आहेत, पण तीच मुलं सलग तीन-चार वर्षं त्यांच्या हाती राहतील अशी सोय क्वचितच असते.

तरीही वर्गातल्या पहिल्या तीन रांगा, मुलींना मुलांविरुद्ध खेळवणं, चूक सांगितल्यावर सबब न ऐकणं, यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. मुलगी दमेल म्हणून सराव अर्धा करणारे, सामना संध्याकाळी लांबला की घरी पाठवून देणारे कोच आणि पालक आपल्याकडे अजून आहेत. ते बदलायला कुठल्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

नॉक्सव्हिलला गेलो तर काय पाहावं?

विद्यापीठाच्या आवारात २०१३ मध्ये उभारलेला समिट यांचा पुतळा आहे. थॉम्पसन-बोलिंग अरेनातल्या कोर्टला २००५ पासून ‘द समिट’ असं नाव आहे. शहरात महिला बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंतांचं संग्रहालय, आहे, छतावरच्या भल्यामोठ्या चेंडूमुळे ते लांबूनच ओळखू येतं. आणि अल्झायमरच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाचं क्लिनिक टेनेसी विद्यापीठाच्या रुग्णालयात चालतं. जमलं तर हिवाळ्यात जा, संघाचे सामने चालू असतात.